रांझ्याचा चौरंग सर्वांना ठाऊक. चिपळूणचे पत्र किती जणांना?

१/
राज्यात कुठेही निर्घृण गुन्हा घडला की समाजमाध्यमांवर दोन शब्द हमखास झळकतात: ‘चौरंग करा.’ सोबत रांझ्याच्या पाटलाची कथा आणि ‘आज महाराज असते तर’ हा ठरलेला निष्कर्ष. त्यामागचा संताप खरा असतो, इतिहास मात्र अर्धा असतो. या अर्ध्या इतिहासाच्या आधारे आजच्या न्यायव्यवस्थेकडे मागण्या केल्या जातात, म्हणून उरलेला अर्धा भाग मांडणे भाग आहे. तो भाग रत्नागिरी जिल्ह्यात सापडतो.

२/
आधी रांझे. २८ जानेवारी १६४६ चे हे पत्र शिवमुद्रा असलेल्या उपलब्ध पत्रांपैकी अगदी आरंभीचे. रांझे गावचा मुकादम बाबाजी भिकाजी गुजर याने पाटीलकी करताना ‘बदअमल’ केला. ही हकीकत कळताच त्याला समक्ष आणवले गेले, चौकशी झाली आणि आरोप खरा ठरला. त्यानंतर वतन जप्त झाले आणि हातपाय तोडण्याची शिक्षा झाली.

३/
प्रसारित होणाऱ्या मजकुरातून तीन गोष्टी गळतात. पहिली, शिक्षेच्या आधी चौकशी झाली. दुसरी, आरोपी गावातील सर्वांत बलवान माणूस होता. कोणा निराधाराला पकडून जमावाची तहान भागवलेली नाही. तिसरी, त्या पंगू माणसाला सांभाळण्याची तयारी दाखवणाऱ्या त्याच्याच गोतातील सोनजी गुजराकडे, दंड घेऊन, पाटीलकी सोपवण्यात आली. शिक्षा झालेल्या माणसाचे पुढे काय, याचाही विचार त्या पत्रात आहे.

४/
अवयवच्छेदाची शिक्षा सतराव्या शतकात जगभर प्रचलित होती. दिल्लीत होती, विजापुरात होती, युरोपातही होती. त्यामुळे केवळ शिक्षेच्या कठोरपणात शिवछत्रपतींचे वेगळेपण शोधणे म्हणजे त्यांना त्यांच्या काळातील इतर राजांच्या रांगेत नेऊन बसवणे होय. त्यांचे वेगळेपण गुन्हा घडण्यापूर्वी काय केले यात आहे.

५/
राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ हलवर्ण येथे घोडदळाची पागा पावसाळ्यासाठी मुक्कामाला होती. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून लिहिलेले महाराजांचे पत्र उपलब्ध आहे. त्याचा आशय असा: दाभोळ सुभ्यातून जमवलेली वैरण आणि दाणा आताच बेहिशेबी उधळलात, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरी शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील आणि यापेक्षा मोगल बरे, असे त्यांना वाटू लागेल.

६/
या पत्राची रचना नीट पाहावी. लूट अजून झालेली नाही. ती कशी होईल, याची साखळी आधीच उलगडून दाखवली आहे: उधळपट्टी, टंचाई, उपासमार, लूट, स्थलांतर, राज्याची बदनामी. आणि ही साखळी पहिल्याच कडीला तोडण्याचा हुकूम आहे. वैरण हिशेबाने वापरा, लागेल ते बाजारातून विकत घ्या. रात्री पेटता ठेवलेल्या दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गंजी पेटेल, इतक्या बारीक धोक्याचीही सूचना आहे. आज ज्याला गुन्हेप्रतिबंध म्हणतात, त्याचा हा मराठीतील उत्कृष्ट नमुना आहे.

७/
दुसरे पत्र ५ सप्टेंबर १६७६ चे, मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले. प्रभावळी म्हणजे आजच्या लांजा तालुक्यातील प्रभानवल्ली. ज्याच्याकडे राबणारी माणसे आहेत पण बैल, बियाणे, पोटाला दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे आणि खायला धान्य द्यावे. व्याजवाढ न लावता केवळ मुद्दल, तेही त्याला ताकद आल्यावर हळूहळू घ्यावे, असा आदेश त्यात आहे. सुभेदाराने स्वतः चोरी करू नये आणि रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नये, ही ताकीदही त्यातच आहे. रयतेला उभे करणे आणि अधिकाऱ्याला आवरणे, दोन्ही एकाच पत्रात.

८/
हे सूत्र विसरले की काय होते, याचे उत्तरही याच जिल्ह्याने दिले आहे. कोकणातील खोत हा मुळात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. इंग्रजी अमलात १८८० च्या खोती कायद्याने या पद्धतीला कायद्याची चौकट दिली. कुळाच्या पिकाचा मोठा वाटा खोताकडे जाई, वर वेठ राबावी लागे. वसुलीसाठी सरकारी यंत्रणा खोताच्या मदतीला येई. खोताच्या जुलमाविरुद्ध कुळाच्या मदतीला मात्र कोणी येत नसे.

९/
परिणाम अटळ होता. खोत आणि कूळ यांचे संबंध विकोपाला गेले. प्रकरणे खोतांच्या खुनापर्यंत पोचली. अशा वेळी ‘कडक शिक्षा’ हा उपाय सरकारच्या हातात होताच. फौजदारी कायदा होता, तुरुंग होते, फाशीही होती. तरीही असंतोष शमला नाही, कारण शिक्षा खुन्याला मिळे आणि खुनापर्यंत नेणारी व्यवस्था जशीच्या तशी राही.

१०/
१४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोतांना वाजवी भरपाई होती आणि जमीन कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडण्याची तरतूद होती. सूडाला त्यात कुठेही जागा नव्हती. हिंसेचे कारणच काढून टाकायचे होते.

११/
शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन कसण्यास नकार दिला. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. आंबेडकरांचे विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. १९३९ च्या कूळकायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना आणली आणि खोती कायद्याने नष्ट व्हायला १९४९ उजाडले. चिपळूणच्या परिषदेपासून वीस वर्षे. इलाज ठाऊक असताना तो लांबवण्याची किंमत दोन्ही बाजूंच्या घरांनी मोजली.

१२/
येथे नेहमीचा आक्षेप येतो: ‘मग कायद्याचा धाक नको का?’ हवाच. पण धाक कशाने बसतो? इटलीतील बेकारिया याने १७६४ मध्येच मांडले की गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री आणि तत्परता अधिक रोखते. रांझ्याच्या पत्रातही पाटील असूनही सुटका नाही, ही खात्रीच ठळक आहे. आज नेमकी तीच हरवली आहे.

१३/
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांवरील खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. प्रमाण सुमारे ७६ टक्के. म्हणजे चारांतील तीन माणसे दोषी ठरण्यापूर्वीच तुरुंगात. त्यांपैकी निर्दोष असतील त्यांच्यावर अन्याय होतोच, पण निकालाची वाट पाहणाऱ्या पीडितांवरही होतो. ज्याच्याकडे जामीनदार नाही तो आत आणि ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे तो बाहेर, हे चित्र रांझ्याच्या न्यायाच्या बरोबर उलटे आहे.

१४/
या विलंबाला कंटाळून जमाव चकमकीवर फुले उधळतो. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा पेढे वाटले गेले. न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की गोळीबार जीव घेण्याच्या हेतूनेच झाला होता आणि मृतांपैकी तिघे अल्पवयीन होते. खटलाच न झाल्याने दोष सिद्ध होण्याचा मार्गही बंद झाला. याला शिवशाही म्हणणाऱ्यांनी रांझ्याचे पत्र पुन्हा वाचावे. चौकशीचा टप्पा तिथे वगळलेला नाही.

१५/
प्रतिबंधाची वाट महाराष्ट्राला अपरिचित नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कोकणात तिचा अर्थ सहज कळतो: एका सातबाऱ्यावर डझनावारी नावे, अर्धे वारस मुंबईत, बांधाचा आणि पायवाटेच्या वहिवाटीचा वाद, आणि त्यातून एखाद्या गणपतीत भाऊबंदांमध्ये निघालेली कोयती. हा वाद वेळेत मिटला तर कोयती निघत नाही. पण समितीत गावातील बलवानच बसले आणि बाईला किंवा दलित कुटुंबाला ‘गावाच्या शांततेसाठी’ तक्रार मागे घ्यायला लावली, तर ती तंटामुक्ती नव्हे, नवी खोती झाली. म्हणून समेटाच्या शेजारी मोफत विधी साहाय्य आणि तत्पर न्यायालय उभे असलेच पाहिजे.

१६/
मागण्या करायच्याच असतील तर त्या याच असाव्यात: रिकाम्या न्यायाधीशपदांची भरती, गरिबाला परवडणारा जामीन, सक्षम सरकारी वकील, जमिनीच्या नोंदींची दुरुस्ती, आणि अधिकारी दोषी असेल तर त्याचीही रांझ्यासारखी चौकशी. या मागण्यांवर चित्रे बनत नाहीत, त्या एका ओळीत मावत नाहीत. हलवर्णच्या पागेला वैरणीचा हिशेब शिकवणारे पत्रही एका ओळीत मावले नव्हते. पुढच्या वेळी रांझ्याचे पत्र प्रसारित होईल तेव्हा त्याच्या जोडीला चिपळूणचे आणि प्रभावळीचेही जावे.

(समाप्त)