दोघांच्या वयाची बेरीज 86

माझी मैत्रीण 41 वर्षांची आहे. लग्न उशिरा झालं, मग सासऱ्यांचं आजारपण, घराचे हप्ते. आता विचारते, ‘‘मूल होऊ द्यावं का गं?’’ दहा वर्षांपूर्वी ‘गोड बातमी कधी?’ म्हणून पिच्छा पुरवणारे नातेवाईक आज ‘आता कशाला?’ म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो. वयाचं खरं लपवू नये. बाईची बीजं जन्मतःच मोजून आलेली असतात. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता पंचविशीत हजारात एकाहून कमी, तर चाळिशीत साधारण शंभरात एक. पण उरलेल्या नव्व्याण्णव बाळांना तो नसतो, हेही त्याच दमात सांगायला हवं. 2021च्या कायद्याने टेस्ट ट्यूब उपचारांना बाईसाठी पन्नाशीपर्यंत मुभा आहे, मात्र स्वतःची बीजं तोवर थांबतीलच असं नाही. दत्तक घ्यायचं, तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85च्या पुढे चालत नाही. यांची 86 भरते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी मर्यादा 90, म्हणजे ते दार अजून उघडं आहे. मी तिला एवढंच विचारलं, ‘‘लोकांचं सोड, तुला काय वाटतं?’’ बराच वेळ गप्प राहून म्हणाली, ‘‘रोज हवंसं वाटतं.’’ सोमवारी दोघं तपासणीला जाणार आहेत. मीही सोबत जातेय.