खुर्ची कवीची, जप्ती पियानोची

भाषा मरते ती परकी सत्ता तिचा गळा दाबते म्हणून, अशी आपली भाबडी समजूत असते. ती ज्याला तपासायची असेल, त्याने वेल्समधले १९६२ साल पाहावे.

त्या वर्षी वेल्श लोकांचा आयस्तेद्वोद, म्हणजे कवी-गायकांचा राष्ट्रीय मेळा, लानेली गावी भरला. मेळ्यात वेल्शच चालावी, हा १९५० पासूनचा दंडक. श्रेष्ठ कवीला तेथे समारंभाने खुर्चीवर बसवितात. डोळ्यांचे पारणे फिटावे असा तो थाट!

आणि याच लानेलीच्या ग्रामीण परिषदेने आयलीन व ट्रेव्हर बीझ्ली या दांपत्याला काय दिले होते? १९५२ साली लान्गेनेख येथे घर घेतल्यावर त्यांनी एवढेच मागितले की, घरपट्टीचे बिल वेल्शमध्ये द्या. गाव वेल्श बोलणारे, परिषदेतली मंडळीही वेल्शच बोलणारी. तरी बिल इंग्रजीतच! बीझ्लींनी पैसे भरले नाहीत. खटले झाले, जप्ती आली, पियानोसुद्धा घराबाहेर गेला. वेल्श मजकुराचे बिल हाती पडायला आठ वर्षे लागली.

१३ फेब्रुवारी १९६२ रोजी साँडर्स लुईस यांनी नभोवाणीवर ‘भाषेचे भवितव्य’ हे व्याख्यान दिले. त्यात त्यांनी आदर्श म्हणून दाखविले ते हेच घर. सरकारी कचेरीचे पान वेल्शवाचून हलता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. त्याच ऑगस्टमध्ये वेल्श भाषा संघटना उभी राहिली. फेब्रुवारी १९६३ मध्ये अ‍ॅबरिस्टविथला तरुणांनी पूल अडविला. मागणी काय, तर समन्स वेल्शमध्ये द्या!

व्यवहारी सज्जन म्हणतात, “कागदाच्या चिटोऱ्यासाठी एवढा हट्ट कशाला? भाषा साहित्यात जिवंत आहे ना?” अहो, साहित्य हा भाषेचा दागिना. बिल, टपाल, समन्स ही तिची मीठभाकर. दागिने घालून उपाशी बसविलेली बाई किती दिवस जगेल?

एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श संपेल, अशी भीती लुईस यांनी घातली होती. ती संपली नाही. २०११ साली तिला अधिकृत दर्जा मिळाला. २०२१ च्या शिरगणतीत ती येणारे सुमारे ५ लक्ष ३८ हजार लोक भरले, म्हणजे शंभरात अठराही नव्हेत. एवढे उरले, याचे श्रेय मेळ्याला द्यायचे तर जरूर द्यावे. पण आधी त्या घराला द्यावे, जेथून पियानो गेला आणि हट्ट गेला नाही.