पीटीचे दोनशे रुपये

तुम्ही तुमची सॅलरी स्लिप शेवटची कधी नीट वाचलीत? म्हणजे खालचा नेट पेचा आकडा सोडून? मी तरी कधीच नाही. पगाराचा एसएमएस येतो, त्याच्या मागोमाग ईएमआयचा येतो, विषय संपतो.

परवा मात्र वाचावी लागली. झालं असं, की लंच अवरमध्ये आमच्या टेबलावर पुन्हा एकदा 'लाडकी बहीण' निघाली. २०२४ च्या जुलैपासून हा विषय आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी निघतोच. डबे उघडले, भेंडीची भाजी एक्स्चेंज झाली, आणि आमच्या टीममधला एक जण (नाव नको, तो हे पान वाचतो) सुरू झाला. "टॅक्स आपण भरायचा आणि महिन्याला पंधराशे त्यांनी घ्यायचे. का, तर व्होट बँक!" मग त्याने पुरावा म्हणून मोबाइलवर स्वतःची स्लिपच उघडली. टीडीएस, पीएफ, आणि त्याखाली पीटी, रुपये २००. "आणि हे दोनशे कशाचे कापतात देव जाणे!" एकीने सांगितलं, फिजिकल ट्रेनिंगचे. सगळे हसले. मीपण हसले.

जागेवर आल्यावर मात्र काम सोडून मी तेच शोधत बसले. आणि बॉस, जे सापडलं ते भारी आहे.

पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपला व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने आला. कशासाठी? तर रोजगार हमी योजनेसाठी! दुष्काळी गावातल्या माणसाने काम मागितलं तर सरकारने ते द्यायचं, आणि त्याचा पैसा शहरात नोकरी करणाऱ्याच्या पगारातून कापून घ्यायचा. व्यवसाय करासोबत मोटार वाहन कर, विक्री कर, बागायती जमिनीवरचा कर यांच्यातही थोडी भर घातली गेली, आणि जेवढे जमतील तेवढेच सरकारने स्वतःच्या तिजोरीतून टाकायचे. त्यातला मोठा हिस्सा मुंबईतून यायचा. म्हणजे १९७५ साली डोंबिवलीहून लोकलला लटकून व्हीटीला जाणारा जो कुणी बँकेतला क्लार्क असेल, त्याच्या पगारातून दर महिन्याला कुठल्या तरी माळरानावरच्या पाझर तलावाची मजुरी जात होती. तोही लंच अवरमध्ये कुरकुरत असणारच. आपल्या लोकांची ती परंपराच आहे.

एक गंमत सांगते. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० का कापतात? कारण राज्यघटनेत या कराची वर्षाची कमाल मर्यादाच २५०० रुपये आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून २५०० झाली आणि तिथेच थांबली. घरभाडं, कटिंग चहा, वडापाव, सगळं कुठल्या कुठे गेलं, पीटी जागचा हलला नाही. (मुलींनो, तुमचा पगार पंचवीस हजारांपर्यंत असेल तर एप्रिल २०२३ पासून तुम्हाला तो माफ आहे. कापला जात असेल तर एचआरला विचारा.)

ही कल्पना होती वि. स. पागे यांची. गांधीवादी माणूस, १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात त्यांनी तिचा छोटा प्रयोग करून बघितला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. मग आला १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. पन्नास लाख! पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. 'मागेल त्याला काम'. नमुना ४ भरून काम मागायचं, पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता.

एवढं वाचून झाल्यावर मला आजीची आठवण झाली. आजी आमच्याकडेच असते, ठाण्यात. मूळची माण तालुक्यातली. आमच्या घरात बाहत्तर सालाविषयी कुणी बोलत नाही. मला वाटायचं, जुनी गोष्ट, कोण कशाला काढेल. संध्याकाळी घरी आल्यावर ती भाजी निवडत बसली होती, तेव्हा मी सहज विचारलं, "आजी, तू रोजगार हमीवर गेली होतीस का गं?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"व्हय की. बाहत्तरला खडी फोडली. तवा दुष्काळी काम म्हणायची. मागनं अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीला पाझर तलावावर माती वाहिली. तुझा बा तवा साळंत होता, पण बाहत्तरला वरीस-दीड वरसाचा. खडीच्या ढिगाशेजारी पालाखाली निजवायची त्याला."

मग ती बोलतच सुटली. खायला अमेरिकेची तांबडी ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे. "तिकडं म्हणं गुरास्नी घालत्यात. भाकरी थापाया घेतली की तुटायची." मुलांसाठी सुकडी वाटायचे. मुकादम हजेरीला बोटं मोजायचा आणि एखादं बोट विसरायचा. बायका निम्म्याच्या वर, कारण पुरुष आधीच मुंबईला गेलेले. हाताला चिंध्या गुंडाळून घण मारायचा. ती हे सगळं अगदी सहज, सुट्टीला गेल्याच्या गोष्टी सांगावी तशी सांगत होती. बाबा आतल्या खोलीत टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज वाढवला.

हे बाबा १९८९ साली ठाण्यात आले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले. कारखाना बंद पडला, पैसे देऊन घरी पाठवलं. आज वागळेतच एका काचेच्या बिल्डिंगमध्ये मी पंच करून आत जाते. मी त्यांना एकदाच विचारलं, तुम्ही कधी सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, "काय सांगायचं? सुकडी खाऊन मोठा झालो म्हणून?"

आणि मी दुपारी हसले होते. फिजिकल ट्रेनिंग!

आजीला मी पीटीचं समजावून सांगितलं. तिला ते फारच आवडलं. "म्हंजी ममईच्या बाबू लोकांनी दिलं व्हय आमाला? आमास्नी वाटायचं तासीलदार देतोय." थोड्या वेळाने पुन्हा हाक मारून विचारलं, "त्यास्नी ठावं हुतं का गं, कुणाला पोचतंय ते?"

आता तुम्ही म्हणाल, इतकी चांगली योजना झाली तरी कशी, तीही सगळ्या पक्षांच्या एकमताने? मला यात आदर्शवाद कमी आणि हिशेब जास्त दिसतो. गावच्या बड्या बागायतदाराला रस्ता, नालाबंडिंग आणि पाझर तलाव मिळाला, ज्याने त्याच्याच विहिरीला पाणी आलं. आमदाराला कामं वाटता आली. विरोधकांना मजुरांचे मोर्चे काढता आले. आणि मुंबईच्या बाबूला वाटलं असेल, दुष्काळी माणसं दादर स्टेशनवर येऊन झोपण्यापेक्षा दिले काही रुपये. म्हणजे जो तो आपल्यासाठीच हो म्हणाला. तरी मजुराच्या हातात एक गोष्ट आली, ती म्हणजे कायद्याचा कागद. काम नाही मिळालं तर तहसीलवर जाऊन बसता यायचं. मतदान कुणाला केलंस, असं कुणी विचारायची सोय नव्हती.

आदर्शवाद किती कमी होता ते १९८८ ला दिसलं. मजुरी जवळपास दुप्पट करावी लागली, आणि त्यानंतर कामावरची माणसं वाढायच्या ऐवजी घटली. मागणी होती, पण कामंच कमी काढली गेली, असं अर्थशास्त्रज्ञांनी नंतर आकडे मांडून दाखवलं. कर जमा होत राहिला, पण त्या वेगाने खर्च होईना. २००५ मध्ये याच योजनेच्या धर्तीवर केंद्राचा कायदा आला, मनरेगा. मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने त्याच्याही जागी नवा कायदा केला. दिवस शंभरावरून सव्वाशे केले आणि खर्चाचा वाटा राज्यांवर वाढवला. पीटी? तो आहेच.

आता पंधराशेबद्दल. मी नाक मुरडणाऱ्यांतली नाही. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना ते मिळतात. त्यांच्या भाषेत ते 'माझे' पैसे आहेत, नवऱ्याच्या हातात न जाणारे. आयुष्यात पहिल्यांदा बँकेत स्वतःच्या नावाने रांगेत उभ्या राहिल्या त्या. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांसाठी ही योजना आली जून २०२४ च्या बजेटमध्ये, आणि विधानसभेची निवडणूक झाली नोव्हेंबरमध्ये. मुख्यमंत्री तेव्हा आपल्या ठाण्याचेच, एकनाथ शिंदे. प्रचारात पंधराशेचे २१०० करायचं आश्वासन आलं. २०२५ च्या दिवाळीत मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पंधराशेच हायत ताई. पण बंद नको व्हायला." त्या वाढ मागत नव्हत्या, बंद होऊ नये एवढंच बघत होत्या. आजी मुकादमाशी भांडायची. मावशी कुणाशी भांडणार? ओवाळणीसाठी भांडत नाहीत.

अमेरिकेतही हाच घोळ आहे. १९३५ साली मंदीत रूझवेल्टच्या सरकारने डब्ल्यूपीए काढलं. १९४३ पर्यंत जवळपास ८५ लाख लोकांना काम दिलं. रस्ते, पूल, शाळा, सगळं बांधून घेतलं. तिथल्या मध्यमवर्गाने त्यांची टिंगल केलीच, फावड्याला टेकून उभे राहणारे म्हणून. युद्ध आलं, कारखाने धडधडायला लागले, योजना गुंडाळली. कायद्याचा हक्क नव्हताच, त्यामुळे मागायचं कुणाकडे?

मावशींचं गाव मुरबाड तालुक्यात. त्यांचे मिस्टर रंगकाम करतात, म्हणजे सकाळी सातला डबा आणि ब्रश घेऊन नाक्यावर उभे राहतात. कुणी नेलं तर दिवसाचे सातशे-आठशे. पावसाळ्यात आठवडे रिकामे. मागच्या रविवारी मी दूध आणायला गेले तर साडेदहाला ते तिथेच फुटपाथवर बसलेले, ब्रश कोरडा. साडेदहानंतर कुणी न्यायला येत नाही.

मी उत्साहाने त्यांना रोजगार हमीचं सगळं सांगितलं. नमुना ४, पंधरा दिवस, भत्ता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, मंग तो फॉर्म ठाण्यात कुठं भरायचा?"

ठाण्यात कुठेच नाही. हा हक्क गावात आणि फार तर 'क' वर्गाच्या नगरपालिकेत. महापालिकेच्या हद्दीत पीटी कापतात, पण काम मागता येत नाही. राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी अशी योजना सुरू केली होती, केरळने त्याच्या कितीतरी आधी, २०१० मध्ये. ज्या महाराष्ट्राने ही कल्पना देशाला दिली, त्याच्या शहरातल्या नाक्यावर मात्र सांगायला माझ्याकडे पत्ता नव्हता.

"गावी भरता येईल," मी म्हटलं. "मुरबाडला."

"तिथं काय मिळंल?"

"दिवसाचे तीनशे बारा. २०२५-२६ चा दर."

ते हसले. "आणि इथं आठशे."

"मिळाले तर," मी म्हणाले.

"मिळाले तर," ते म्हणाले, आणि सरकून मला बाजूला बसायला जागा करून दिली. मी दुधाची पिशवी घेऊन दोन मिनिटं टेकले. समोरून एक बाइकवाला हळू झाला, तेव्हा ते झटकन उठून उभे राहिले. त्याला पत्ता विचारायचा होता.