पाडलेले स्थानक पुन्हा बांधता येईल काय?

न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया स्थानकाचा जुना वाद पुन्हा उकरून निघाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने या स्थानकाच्या पुनर्रचनेचे काम तेथील प्रांतिक वाहतूक मंडळाकडून काढून घेतले आणि ‘अॅमट्रॅक’ या राष्ट्रीय रेल्वे कंपनीच्या हवाली केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, सरकारी इमारती शक्यतो ग्रीक-रोमन वळणाच्या असाव्यात, असे फर्मान अध्यक्ष ट्रम्प यांनी काढले. साठ वर्षांपूर्वी पाडलेले मूळ स्थानक खांब न् खांब पुन्हा उभारा, असे म्हणणारी मंडळी तेथे पुष्कळ दिवसांपासून आहेत. आपले दिवस फिरले असे त्यांना आता वाटत असल्यास नवल नाही.

गाण्याच्या मास्तरास आगगाडीच्या स्थानकाशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. कर्तव्य आहे ते स्थानक ज्या पेढीने बांधले तिच्याशी. मॅकिम, मीड आणि व्हाइट ही ती पेढी. १८७९ साली हे तिघे एकत्र आले. मॅकिम पॅरिसला शिकून आलेला, शिस्तीचा आणि मोजून मापून बोलणारा. व्हाइट हौशी, उधळा, नक्षीकामात रमणारा. आणि मीड कचेरी सांभाळणारा. पुढल्या काही दशकांत या पेढीने हजाराच्या घरात कामे केली. बोस्टनचे सार्वजनिक ग्रंथालय त्यांचेच, १८९५ सालचे. ते सर्वांस मोफत खुले असल्याचे त्याच्या दारावरच कोरले आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेस गेले, तेथल्या वाचनालयांनी भारले गेले आणि १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणले, हे येथल्या जुन्या घरांना मी सांगायला नको.

परंतु मला ही पेढी ठाऊक झाली ती बोस्टनच्या दुसऱ्या एका वास्तूमुळे. तिचे नाव सिंफनी हॉल.

माझे वडील दरबारी गवई. परक्या जागी बैठक असली की, तंबोरे जुळण्यापूर्वी ते दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून एकच टाळी वाजवीत आणि कान देऊन थांबत. टाळी फार घुमली तर त्या दिवशी द्रुत ताना आखडत्या. गालिच्यांनी आणि पडद्यांनी ती गिळली तर तंबोरे जवळ ओढून घेतले जात. हे शास्त्र त्यांना कोणी शिकविले नव्हते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या तरुण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने हेच काम १८९५ पासून रात्री जागून केले. विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, त्यामुळे पुढचा शब्द ऐकू येईना. सॅबाइनने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, एकेक पसरावी, ऑर्गनची नळी वाजवावी, घड्याळावर घुमारा मोजावा आणि उजाडण्यापूर्वी गाद्या परत पोचवाव्या, असा त्याचा क्रम होता. त्यातून त्याला सूत्र गवसले: दालन जितके प्रशस्त तितका घुमारा लांब, आणि ध्वनी शोषणारे जितके अधिक तितका तो आखूड.

बोस्टनचे सिंफनी हॉल हे या सूत्रावर बेतलेले जगातले पहिले संगीतगृह. मॅकिमने प्रथम ग्रीक रंगमंडलाच्या धर्तीवर अर्धवर्तुळाकार नकाशा काढला होता. तो बाजूस पडला आणि लांबट, अरुंद, उंच अशा साध्या पेटीच्या घाटाचे दालन ठरले. सज्जे उथळ, वर भिंतींतल्या कोनाड्यांत सोळा पुतळे. हे सारे स्वर विखुरण्याच्या उपयोगी पडले. १५ ऑक्टोबर १९०० रोजी ते खुले झाले. अडीच हजारांवर श्रोते बसतात, तरी स्वराची आस सुमारे दोन सेकंद टिकते आणि शब्दही बुडत नाही. रंगमंचाभोवती संगीतकारांची नावे लिहिण्यासाठी चौकटी आहेत. त्यांत फक्त बीथोव्हेनचे नाव आहे, कारण बाकीच्या नावांवर एकमत झाले नाही! गवयांची जात सर्वत्र सारखीच.

पेन्सिल्व्हेनिया स्थानक हे या पेढीचे सर्वांत मोठे काम. नदीखालच्या बोगद्यांतून आगगाडी थेट न्यूयॉर्कच्या पोटात आणण्याचा ध्यास रेल्वे कंपनीचे अध्यक्ष कॅसॅट यांचा. १९१० साली ते पुरे झाले, तेव्हा कॅसॅट नव्हते आणि मॅकिमही नव्हता. व्हाइट तर १९०६ सालीच गेला होता. मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे रंजनगृह त्यानेच बांधलेले, आणि त्याच्याच गच्चीवर, नाटक चालू असता, एका नटीच्या नवऱ्याने त्याला गोळी घातली. व्हाइटने आपल्या कोवळ्या वयात आपल्यावर अत्याचार केल्याची साक्ष तिने न्यायालयात दिली. त्याच्या कामाची थोरवी सांगताना हे गाळणे मला बरे वाटत नाही.

स्थानकाच्या बाहेर गुलाबी दगडाचे ८४ खांब होते. आत दीडशे फूट उंचीचे प्रतीक्षागृह, रोमच्या काराकाला स्नानगृहांवरून बेतलेले. त्यापलीकडे पोलाद आणि काच, आणि वरून फलाटांपर्यंत उतरणारा उजेड. मोटारी आणि विमाने आली, उतारू घटले. कंपनीने डोक्यावरची जागा विकली. ऑगस्ट १९६२ मध्ये शेदोनशे माणसे फलक घेऊन दारात उभी राहिली, तिकडे कोणी लक्ष दिले नाही. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी पाडकाम सुरू झाले. दगड न्यू जर्सीच्या दलदलीत नेऊन टाकले. रूळ आणि फलाट तेवढे खाली राहिले, आणि त्यांवर १९६८ साली जे क्रीडागृह उभे राहिले त्याचे नाव मॅडिसन स्क्वेअर गार्डन! व्हाइटचे गार्डन १९२५ सालीच पाडले गेले होते. नाव मात्र फिरत फिरत मॅकिमच्या स्थानकाच्या छातीवर येऊन बसले.

या पाडकामाने शहर हळहळले. १९६५ साली जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्याच आधारे पुढे ग्रँड सेंट्रल हे दुसरे स्थानक वाचले. समोरचे टपालघरही याच पेढीचे. त्यातल्या टपाल छाननीच्या चौकावर काचेचे छत घालून १ जानेवारी २०२१ पासून तेथे आगगाडीचे दालन झाले आहे. प्रवाशांना पुन्हा आकाश दिसले. त्यासाठी नवे खांब उभारावे लागले नाहीत.

म्हणूनच मला खांबांच्या आग्रहाचे कोडे वाटते. ज्या सरकारला प्राचीन वळण इतके प्रिय, त्यानेच ऑक्टोबर २०२५ मध्ये मेजवान्यांच्या नव्या दिवाणखान्यासाठी व्हाइट हाउसची ईस्ट विंग पाडली. ती वास्तू १९४२ सालची खरी. परंतु तिचे मूळ १९०२ साली मॅकिमने तेथे पूर्वेकडे बांधलेल्या पाहुण्यांच्या प्रवेशद्वारात होते. तेव्हा प्रश्न वळणाचा नाही. मॅकिमचे खांब रोमची नक्कल होते, हे त्याच्या काळीही लोकांना दिसत होतेच. स्थानक मोठे ठरले ते प्रवाशाला जमिनीखालून उजेडात कसे आणावे हे त्याने जाणले म्हणून. बोस्टनला रोज वाद्ये जुळतात म्हणून ती भिंत उभी आहे. नक्कल करायचीच तर त्या उजेडाची करावी, आणि तो उजेड डोक्यावर वीस हजार माणसांचे क्रीडागृह असेतोवर खाली पोचणार कसा? सप्टेंबर २०२३ मध्ये शहराच्या नगरमंडळाने गार्डनला त्या जागी राहण्याचा परवाना दिला तो पाच वर्षांचाच. ती मुदत २०२८ साली संपते.