कडा सुटल्यानंतरची कृपा



आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन युवक परवा खिन्न मुद्रेने माझ्याकडे आला. धर्मग्रामाच्या सणासाठी संगणकावर उड्यांचा एक खेळ तयार करून देण्याचे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले होते. सण दोन दिवसांवर आला, तरी योजलेल्या वीस दालनांपैकी एकही पुरे झाले नव्हते. "फादर, लोक मला हसतील," तो म्हणाला. 'अभ्यास सोडून हे आरंभिलेसच कशाला?' हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. परंतु त्याचा चेहरा पाहून मी ते गिळले.

बोलता बोलता त्यानेच 'सेलेस्ट' या खेळाची हकीकत सांगितली. मॅडी थॉर्सन व नोएल बेरी या दोघांनी 2015 साली तो अवघ्या चार दिवसांत रचला. 'पिको-8' नामक त्यांच्या साधनात पडदा केवळ 128 गुणिले 128 ठिपक्यांचा, रंग फक्त 16 आणि एकेक चित्र 8 गुणिले 8 ठिपक्यांचे. एवढ्याशा सामग्रीत पर्वत चढण्याची कथा त्यांनी बसविली. पुढे 2018 मध्ये तिचाच विस्तार होऊन मोठा खेळ निघाला.

"मग तू वीस दालने कशास मांडलीस?" मी विचारले. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही संत लूकच्या शुभवर्तमानातील शिकवण त्याला आठवली व तो ओशाळून हसला. दालने तीनच ठेवावीत, आणि प्रथम उडी तेवढी बिनचूक करावी, असे ठरले.

त्या उडीचे एक मर्म त्याने मला दाखविले. प्रत्येक क्षणचित्रागणिक पात्राच्या पडण्याचा वेग थोडाथोडा वाढवीत नेला, की गुरुत्वाकर्षणाचा भास होतो. पण खेळणाऱ्याचे बोट कित्येकदा किंचित उशिरा पडते. कडा सुटलेली असते. म्हणून त्या खेळाच्या आज्ञावलीत कडा सुटल्यावरही सहा क्षणचित्रे, म्हणजे सेकंदाचा एक पंचमांश भाग, उडी मान्य केली जाते. या सवलतीला रचनाकारांनी नाव दिले आहे 'ग्रेस', अर्थात कृपा! शब्द वाचून मी क्षणभर स्तब्ध झालो.

सणाच्या दिवशी खेळ सुरू झाला. त्याला संगीत नव्हते, रंग चारच होते. तरी मुलांची रांग हटेना. हसले सगळेच, परंतु आनंदाने.

मातापित्यांनो, आपली मुलेही कधी हिशेब चुकतात, कधी कड्यावरून पाऊल निसटते. त्या क्षणी आपल्या ओठांवर जे पहिले वाक्य येते, ते सेकंदाचा एक पंचमांश भाग तरी आवरून धरता येईल का? परमेश्वर आपणांस याहून कितीतरी दीर्घ अवधी देत आला आहे. मी स्वतः त्या दिवशी थोडक्यात वाचलो, म्हणूनच हे लिहिण्याचे धैर्य केले.