भंगारातली टाकी घरात नको

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्सचा संच उभारायचा म्हटले, की पहिली चौकशी होते जुन्या आयबीसी टाकीची. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातली ही हजार लिटरची पांढरी टाकी भंगारात लिटरमागे स्वस्त पडते. कुदळवाडी-चिखलीच्या भंगार गोदामांवर महापालिकेने फेब्रुवारी 2025 मध्ये मोठी कारवाई केली खरी, पण कारखाने चालू आहेत तोवर रिकाम्या टाक्या निघतच राहणार. घरगुती संच उभारून देणाऱ्यांनी ही टाकी वापरणे आता थांबवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा वाहनउद्योगाचा पट्टा आहे. इथल्या टाक्यांतून कटिंग ऑइल, कूलंट, गंजरोधक, थिनर अशी रसायने आलेली असतात. सीएनसी मशीनचे कूलंट सुट्टीत कुजून वास मारू नये म्हणून त्यात जिवाणूनाशक घालतात, हे शॉप फ्लोअरवर काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आपल्या संचाचा सारा कारभार मात्र जिवाणूंवरच चालतो. माशांनी सोडलेल्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि तेव्हा कुठे झाडांना ते नीट घेता येते. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. झडपेच्या गॅस्केटमागे किंवा तळाच्या कोपऱ्यात जिवाणूनाशकाचा अंश राहिला, तर साखळी मध्येच अडते. नायट्राइट खाली येत नाही, आपण पीएचला दोष देतो आणि जिवाणूंची नवी बाटली ओततो. टाकीचा संशय शेवटी येतो, किंवा येतच नाही.

कॉस्टिकने धुऊन चार दिवस पाणी भरून ठेवले की झाले, असे अनेकजण सांगतात. धुण्याने पृष्ठभाग स्वच्छ होतो. पण तेल आणि सॉल्व्हंट टाकीच्या एचडीपीई प्लास्टिकच्या आत मुरतात व पुढे हळूहळू पाण्यात उतरतात. आपल्याकडचा टेस्ट किट अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच दाखवतो, थिनर दाखवत नाही. मासे जगले एवढ्यावर पाणी निर्धोक ठरवता येत नाही, कारण त्याच पाण्यावरचा पालक घरातली लहान मुले खाणार आहेत. पिंजऱ्यावरच्या पाटीवर ‘31एचए1’ असे लिहिलेले असते. त्यावरून ही बनावट धोकादायक द्रवांच्या वाहतुकीसाठी तपासलेली आहे एवढेच कळते, आत काय होते ते कळत नाही. शिवाय 2016 च्या घातक कचरा नियमांत घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे आणि डबे घातक कचरा म्हणूनच नोंदलेले आहेत. कारखान्याने अधिकृत ठिकाणीच द्यायची वस्तू आपण गिऱ्हाइकाच्या गच्चीवर नेऊन ठेवतो, हे कोणत्या तोंडाने समर्थनीय म्हणायचे?

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 2014 च्या पुस्तिकेत आयबीसी टाकी कापून संच करण्याचे आराखडे आहेत, हे खरे. फळांचा रस किंवा सिरप आणलेली, मूळ लेबल शाबूत असलेली आणि थेट पहिल्या मालकाकडून घेतलेली टाकी अंगणात ठेवायला आमचीही हरकत नाही. पण आपली बहुतेक कामे गच्चीवरची. आयएस 875 प्रमाणे वापरत्या गच्चीसाठी चल भार दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो धरतात. पंधरा सेंटिमीटर पाण्यातच तो संपतो. भरलेली आयबीसी टाकी जेमतेम सव्वा चौरस मीटरवर एक टन वजन टाकते.

म्हणून गच्चीवर तीनशे लिटरची नवी टाकीच घ्यावी. लहान टाकीत पाणी लवकर बिघडते, तापमान आणि पीएच पटकन हलतात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याला उपाय म्हणजे मासे कमी ठेवणे. तीनशे लिटरला एक किलो मासे पुरे. दिवसाला वीस ग्रॅम खाद्य पडले, तर चौरस मीटरला 40 ते 50 ग्रॅम या पालेभाज्यांच्या प्रमाणाने मेथी-पालकाचा जवळपास अर्धा चौरस मीटर वाफा पोसला जातो. विक्रीचे स्वप्न यात नाही, आणि गिऱ्हाइकाला ते दाखवूही नये. शहरात नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येते, तेही क्लोरीनचे. लहान संचाला वरून घालायचे पाणी चार-दोन बादल्याच लागते, तेवढे एक दिवस एअरस्टोन लावून ठेवणे कोणालाही जमते. तीनशे लिटरचे वजनही गच्चीच्या मधोमध नको. ते तुळईवर घ्यावे आणि जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवावी.

तेव्हा पुढच्या कोटेशनमध्ये ‘नवी टाकी, आयएस 12701’ असे स्पष्ट लिहा. आजवर बसवून दिलेल्या एखाद्या संचात भंगारातली टाकी असेल आणि तिच्यात पूर्वी काय होते हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर त्या घरी आजच फोन करा, भाजी खाणे थांबवायला सांगा आणि टाकी बदलून द्या.