स्टार्टरला पाचर मारू नये

विहिरीवरील पंपाचा स्टार्टर वारंवार सुटू लागला की तो बिघडला असे मानले जाते. वस्तुतः तो आपले कर्तव्य बजावीत असतो. हिरवे बटण दाबताच त्यातील गुंडाळीतून अल्प प्रवाह वाहून चुंबक तयार होतो व तो ४१५ व्होल्टचे तिन्ही फेज मोटारीस जोडतो. वीज गेली की जोड सुटतो. एक फेज गेल्यास उरलेल्या तारांतील प्रवाह वाढतो. तेव्हा ओव्हरलोड रिले गुंडाळीचा प्रवाह तोडून मोटार वाचवितो.

स्टार्टरला पाचर मारणे म्हणजे राखणदाराचे हात बांधणे होय. मग मोटार जळते, ऐन पाळीत पीक सुकते. अवचित वीज येऊन पंपापाशी काम करणाऱ्याच्या जिवावरही बेतते. सुटण्याचे मूळ कारण जाणत्या वायरमनकडून शोधून घ्यावे, हेच ग्रामसेवकांनी शेतकरी बांधवांस पटवून द्यावे.